गुडघ्याच्या झिजेवर अ‍ॅक्युपंक्चर: २० सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

परीघ
आईचं वय ६३. दोन्ही गुडघ्यांत झीज, एक्स-रेत ग्रेड २ (म्हणजे सौम्य), उजवा जास्त दुखतो. जिना उतरताना आणि बसून उठताना कळ येते. सूज, लाली, ताप नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू आहे. एका अ‍ॅक्युपंक्चर केंद्रानं २० सिटिंगचे पैसे आगाऊ मागितलेत. सुया, मोक्साचा (जळत्या वनस्पतीच्या कांडीचा) शेक आणि चिनी अक्षरांच्या डबीतल्या 'सांधे मोकळे करणाऱ्या' गोळ्या असं सगळं एकत्र आहे. २० सिटिंग खरंच लागतात का? क्लोपिडोग्रेलवर सुया चालतील का? आणि गोळ्या घ्याव्यात का?

नडगी
आगाऊ २० चे पैसे देऊ नका. आठवड्यातून दोनदा अशा ६ ते ८ सिटिंग घ्या आणि मग ठरवा. पाचव्या-सहाव्या सिटिंगपर्यंत तसूभरही फरक नसेल तर पुढच्या चौदा सिटिंगनी तो पडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

गुडघ्यासाठी नेमक्या कुठे सुया घालतात हे माहीत असलं की समोरचा काय करतोय ते कळतं. गुडघा थोडा वाकवला की वाटीखाली, मधल्या कंडरेच्या दोन्ही अंगांना दोन खळगे उठून दिसतात. चिनी वैद्यकात त्यांना गुडघ्याचे डोळेच म्हणतात. बाहेरच्या डोळ्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर झूसानली हा बिंदू. ही चार बोटं रुग्णाची, उपचार करणाऱ्याची नव्हेत! नडगीच्या बाहेरच्या बाजूला जे लहान हाड हाताला लागतं, त्याच्या डोक्याच्या पुढे-खाली यांगलिंगच्वान. त्याच्या समोर, आतल्या बाजूला, यिनलिंगच्वान. मांडीवर वाटीच्या वरच्या कडेपासून साधारण अडीच-तीन बोटं वर आतून श्वेहाय, बाहेरून ल्यांगच्यू. एका सिटिंगला सहा ते दहा सुया पुष्कळ झाल्या.

सुई भरीव असते, ०.२५ मिमी जाड आणि ४० मिमी लांब. नेहमीच्या इंजेक्शनची सुई (इन्सुलिनची सोडून) याच्या साधारण दुप्पट किंवा जास्त जाड असते. सुई मुरली की आत जड, बोथट, ओढ लागल्यासारखं वाटतं. त्याला 'दची' म्हणतात आणि तेच हवं असतं. पण वीज चमकल्यासारखी कळ पावलाकडे धावली तर ती दची नव्हे, सुई नसेला लागली आहे. यांगलिंगच्वानजवळून पाऊल वर उचलणारी नस वळसा घालून जाते, म्हणून हे तिथे जास्त होतं. अशा वेळी आईंनी लगेच सांगायचं आणि उपचार करणाऱ्यानं सुई मागे घ्यायची. सोसत राहायचं नाही.

सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. वायर जोडून करंट देत असतील तर २ ते ४ हर्ट्झवर स्नायू हलका उडताना दिसेल एवढाच. स्टेंटला करंटची अडचण नाही, पेसमेकर असता तर मात्र करंट नकोच.

क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका, स्टेंटवाल्यांसाठी तो खरा धोका आहे. सुया चालतात. फक्त केंद्रावर आधी सांगा, खोल टोचणी आणि जोरानं फिरवणं टाळायला लावा. सुई काढल्यावर प्रत्येक जागी कोरडा कापूस एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. नुसता पुसला तर दुसऱ्या दिवशी काळे-निळे डाग दिसणारच. सुयांचं सीलबंद पाकीट आईंच्या समोर फोडलं पाहिजे. मधुमेहात हे जास्तच महत्त्वाचं, कारण गुडघ्याच्या डोळ्यात घातलेली सुई सांध्याच्या पोकळीत जाऊ शकते. तिथे जंतू गेले तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि राज्याची परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा.

खलबत्ता
गोळ्या घेऊ नका. कारणं तिन्ही आईंच्या बाबतीत लागू आहेत.

पहिलं, भेसळ. 'चिनी जडीबुटी' म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक, फिनाइलब्युटाझोन ही वेदनाशामकं निघाल्याची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. चार दिवसांत गुडघा हलका होतो आणि सगळे खूश होतात. स्टेरॉइडनं साखर चढते. डायक्लोफेनॅक आणि क्लोपिडोग्रेल एकत्र आले की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांतच जादूसारखा फरक पडला तर आनंद मानू नका, संशय घ्या.

दुसरं, नावांचा घोळ. सुजलेल्या सांध्यांसाठी 'फांगजी' नावाचं मूळ वापरतात. हान फांगजी आणि ग्वांग फांगजी या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, आणि दुसरीत मूत्रपिंडाला घातक असं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एकीच्या जागी दुसरी गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. डबीवर फक्त 'फांगजी' लिहिलेलं असेल तर आत कुठली आहे हे बघून ओळखणं अशक्य.

तिसरं, चुआनवू आणि चाओवू. ही आपल्या वचनागाचीच भावंडं. आयुर्वेदात वचनाग शोधनाशिवाय (विषारीपणा कमी केल्याशिवाय) देत नाहीत, तसंच तिकडे ही मुळं तासन्‌तास उकळतात. ती कच्ची राहिली तर आधी ओठ-जीभ बधिर होते, मग हृदयाचे ठोके बिघडतात. स्टेंट असलेल्या माणसाला हा प्रयोग नको.

मोजपट्टी
पुरावा काय म्हणतो तेही बघा. जर्मनीत सुमारे हजार गुडघेदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २६ आठवड्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं ५३ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ५१ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांनी २९ टक्के लोकांना चांगला फरक पडला. म्हणजे फायदा होतो, पण 'आमचे खास बिंदू' म्हणून जास्त पैसे देण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये गुडघ्यासाठी याची सशर्त शिफारस केली, ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये 'देऊ नका' म्हटलं. व्यायामाबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.

म्हणून सुयांसोबत मांडीचा व्यायाम ठेवाच. पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. फरक मोजायला साधी खुर्ची पुरे: हात छातीशी बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते पहिल्या सिटिंगआधी लिहून ठेवा. जिना उतरतानाच्या दुखण्याला दहापैकी गुण द्या. सहाव्या सिटिंगला परत मोजा. 'जरा बरं वाटतंय' या शब्दांवर निर्णय घेऊ नका.

परीघ
गोळ्या रद्द. मोक्साचा शेक चालेल का? आणि सिटिंगच्या दिवशी काही पथ्य?

नडगी
मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीची वाळलेली पानं कुटून केलेली कांडी. ती जळती कांडी कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर भाजल्याचं कळतच नाही आणि जखम लवकर भरत नाही. पायाची संवेदना तपासलेली नसेल तर मोक्सा नको.

पथ्य म्हणाल तर उपाशी पोटी जायचं नाही, तास-दोन तास आधी नीट खाऊन जायचं. पहिल्या सिटिंगला आडवं झोपूनच सुया घ्यायच्या. बसून घेतल्यावर घाम फुटून चक्कर येते ती बहुतेकदा पहिल्याच दिवशी. तसं झालंच तर आधी सगळ्या सुया काढायच्या, पाय उंच करायचे, आणि साखर मोजायची.