चर्चा: शाळेमागच्या टेंबावर (टेकडीवर) एलटीई, म्हणजे ४जी मोबाईलचा टॉवर हवा की नको?

काजूबागायत, सत्तरी:
रविवारच्या ग्रामसभेत टॉवरचा ठराव अडला. शाळेमागे ४० मीटरचा टॉवर, वर एलटीईचे तीन सेक्टर (तीन दिशांना तोंड केलेले अँटेना), खाली कुंपणात कॅबिनेट आणि बॅटऱ्या. अर्ध्या लोकांनी रेडिएशन म्हणून विरोध केला.

एप्रिलमध्ये काजूचे बोंडू गोळा करताना माझ्या सासऱ्यांना फुरसं चावलं. १०८ ला फोन लावायला दीर मोटरसायकलने वरच्या वळणापर्यंत गेला, तिथे कशीबशी एक रेघ मिळते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वेळेत पोचलो म्हणून ते वाचले. माझं मत स्पष्ट आहे, टॉवर हवाच. विरोध करणाऱ्यांनी कारण सांगावं.

दोन मुलांची आई:
ताई, सासरे बरे झाले हे वाचून जीव भांड्यात पडला. तरीही माझा विरोध आहे. शाळेची भिंत त्या जागेपासून ६० मीटरवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं. माझी मुलं तिथे रोज सहा तास बसतात. पंचायतीपर्यंत फायबर आलाय, तोच घराघरांत न्या.

टॉवरवर चढणारा, वाळपई:
अकरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या गटाचा अर्थ ‘पुरावा अपुरा, पण शक्यता नाकारता येत नाही’ असा आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणलेली आहे. १८०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.९ वॅट. एका सेक्टरचे ८० वॅट धरले, तर मुख्य झोतासमोर ६० मीटरवर ०.०९ च्या आसपास येतं. आणि शाळा झोतासमोर नाही, खाली आहे. अँटेना दोन-चार अंश कललेली असते, तिचा उजेड लांब पडतो, बुंध्याशी नाही. कंपन्या वाढल्या तर बेरीज होते, आणि मर्यादा त्या बेरजेला लागू असते. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणीही मागता येते.

उलट रेंज अगदी कमी असली की तुमच्या कानाशी लागलेला फोन पूर्ण ताकदीने, म्हणजे २०० मिलीवॅटने ओरडतो. फायबर चांगलाच, पण जूनच्या वाऱ्यात फांदी पडली की तुटतो, आणि काजूत तो तुमच्या सोबत येणार नाही.

शेजारच्या गावातून:
रेडिएशनबद्दल मला काही म्हणायचं नाही. आमच्याकडे टॉवर तीन वर्षं उभा आहे, आणि लाईट गेली की दोन तासांत तोही गप्प. गेल्या गणेशचवथीला सलग दीड दिवस रेंज नव्हती. जनरेटर आहे, पण डिझेल कोण भरणार यावर कंपनी आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. भाडं मात्र जमीनमालकाला वेळेवर मिळतं. असा टॉवर फुरसं चावल्यावर काय कामाचा? लेखी अटींशिवाय ठराव करू नका.

टॉवरवर चढणारा, वाळपई:
भाऊ, हे शंभर टक्के खरं आहे आणि याचाच मला राग येतो. उभारताना सगळे येतात, चालवायला कोणी नसतं. बॅटरी बँक ४८ व्होल्टची असते, बंद कॅबिनेटमध्ये उकडून शिशाच्या बॅटऱ्या लवकर मरतात. लिथियम मागा आणि बॅकअपचे तास लिहून घ्या.

दुसरं, अर्थिंग, म्हणजे टॉवरवर पडलेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी. आपल्या जांभ्यात ते सहज धरत नाही. पावसाळ्यात खडक ओला असतो तेव्हा मीटरवर छान आकडा येतो. मेमध्ये विजा कडाडतात तेव्हा तोच खडक कोरडा ठणठणीत असतो. म्हणून रीडिंग मार्च-एप्रिलमध्ये घ्यायला लावा. वर रेडिओ युनिटपासून अँटेनापर्यंतच्या जंपर केबलच्या तोंडावर पाणी अडवणारा ब्यूटाइल टेप नीट गुंडाळलेला नसला, तर पहिल्याच पावसात पाणी शिरतं आणि एक सेक्टर मरतो. एकदा कनेक्टर उघडला तर बोटभर हिरवा गंज हातात आला. बाहेरून टेप अगदी नवा दिसत होता.

आणखी एक. फक्त एलटीई असेल तर व्होल्टे (४जीवरून बोलण्याची सोय) नसलेला जुना बटणांचा फोन लागणार नाही. म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगा.

दोन मुलांची आई:
आकडे समजले, धन्यवाद. पण गणित कागदावरचं आहे. टॉवर उभा राहिल्यावर मोजणी करू, तोपर्यंत जागा तरी बदला. टेंबाच्या पलीकडची पडीक जमीन का नको?

काजूबागायत, सत्तरी:
पलीकडे नेला तर आमचा खालचा वाडा टेंबाच्या आड जाईल. साप तिथेच आहेत.

टॉवरवर चढणारा, वाळपई:
हे इथे बसून ठरणार नाही. शनिवारी सकाळी आठला मी येतो. पलीकडच्या जागेवर उंच बांबूला लाल कापड बांधू आणि खालच्या वाड्यातून ते दिसतं का बघू. बांबू ४० मीटरचा नसेल, पण टेंब किती आड येतो याचा अंदाज येईल.

दोन मुलांची आई:
मी येते. पण कापड दिसलं नाही, तरी शाळेमागच्या जागेला माझा विरोध कायम राहील.