८४ हजार घरात येतात, तरी २० तारखेनंतर कार्ड घासावं लागतं. बजेट फाटतंय कुठे?

मांजलपूरकर
बडोदा. दोन पगार मिळून हातात ८४,००० येतात. नवरा-बायको, सासू-सासरे आणि पाचवीतली मुलगी. दर महिन्याचा ठरलेला खर्च असा: घराचा हप्ता २१,५००, किराणा-दूध-भाजी १६,०००, पेट्रोल ४,०००, औषधं ३,५००, मोबाईल-वायफाय १,४००, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) ५,०००, भिशी ५,००० (१२ जणींची, बोलीची: जी जास्त रक्कम सोडते तिला त्या महिन्याचे पैसे; अजून उचललेली नाही). बेरीज ५६,४००. म्हणजे कागदावर २७,६०० शिल्लक. प्रत्यक्षात २० तारखेनंतर भाजीसुद्धा कार्डावर जाते. कार्डावर ३८,००० थकलेत आणि दर महिन्याला फक्त मिनिमम भरलं जातं.
खर्च नोंदवायचं अॅप तीन महिने चाललं, मग बंद पडलं. आणि हिशेबाला बसलं की "हे कशाला घेतलंस" इथून सुरुवात होते. दोघांनी मिळून पाळता येईल आणि चौथ्या महिन्यातही टिकेल अशी पद्धत सांगा.

जमाखर्च
अॅप राहू द्या बाजूला. तुमच्या यादीत वीजबिल नाही, शाळेची फी नाही, विमा नाही, वेरा (घरपट्टी) नाही, दिवाळी नाही. हे सगळं त्या २७,६०० मधूनच जातंय, फक्त दर महिन्याला वेगळ्या नावाने. म्हणून प्रत्येक महिना "या वेळी जरा जास्तच झालं" असा वाटतो.
आधी हे करा: मागच्या १२ महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट उघडा आणि जे दरमहा येत नाही तेवढंच वहीत उतरवा. आपल्याकडे एमजीव्हीसीएलचं (वीज कंपनीचं) बिल दोन महिन्यांनी येतं, ते हमखास सुटतं. एप्रिल-मेचं एसीचं बिल हातात पडतं जूनमध्ये, नेमकं वह्या-पुस्तकांच्या वेळी. सणांचे आकडे लिहिताना लाजू नका. उत्तरायणाचा मांजा-पतंग-उंधियो, नवरात्रीचे पास आणि चनिया-चोळी, गौरी-गणपती, दिवाळी, लग्नामुंजीचे आहेर, सगळं लिहा. शेवटी बेरीज करून १२ ने भागा.

मांजलपूरकर
काढलं. वर्षाचे आकडे: शाळेची फी १३,५०० × ४ = ५४,०००; पुस्तकं-गणवेश ९,०००; वीज उन्हाळ्याची दोन बिलं १३,००० आणि बाकी चार १२,०००; पाइप गॅस ६,६००; आरोग्य विमा २७,०००; एलआयसी २४,०००; दोन गाड्यांचा विमा-सर्व्हिसिंग १०,०००; घरवेरा ५,४००; सोसायटी १८,०००; उत्तरायण ४,०००, नवरात्र ६,०००, गणपती ७,०००, दिवाळी २०,०००; आहेर आणि प्रवास २०,०००. एकूण २,३६,०००. महिन्याला १९,६६७!

जमाखर्च
म्हणजे २७,६०० नव्हे, साधारण ७,९०० मोकळे आहेत. त्यात डॉक्टर, कपडे, रविवारचं बाहेरचं खाणं आणि दोघांचा हातखर्च. उधळपट्टी कोण करतं हा वाद इथेच मिटायला हरकत नाही.
आता खाती तीन करा.
पगाराचं खातं: यातून हप्ता, एसआयपी, भिशी, औषधं. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची ठेवा. ऑटो-डेबिट परत गेलं तर कर्ज देणाराही दंड लावतो आणि आपली बँकही.
वर्षखातं: पगाराच्या दिवशी १९,७०० आपोआप इकडे. हे खातं कुठल्याही यूपीआय अॅपला जोडायचं नाही, डेबिट कार्ड कपाटात.
घरखर्चाचं खातं: दोघांच्या नावावर, "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीचं. दोघांचेही मोबाईल नंबर खात्याला नोंदवून घ्या, नाहीतर एकाचंच यूपीआय चालू होतं आणि दुसरा पुन्हा पगाराच्या खात्यातून देत बसतो. अॅपमधून पगाराचं खातं काढूनच टाका.
घरखर्चाच्या खात्यात महिन्याचे पैसे एकदम टाकू नका, दर सोमवारी टाका. इथे एक चूक बहुतेक जण करतात. किराणा-पेट्रोलचे २०,००० भागिले ४ म्हणजे आठवड्याला ५,०००. असे वर्षाचे ४८ आठवडे होतात, वर्ष असतं ५२ चं. पाच सोमवारांचा महिना आला की ५,००० चं भगदाड. बरोबर भागाकार: २०,००० × १२ ÷ ५२, म्हणजे ४,६०० च्या आसपास. चार सोमवारांच्या महिन्यात १,६०० उरतील. ती बचत नाही, पाचव्या सोमवारचे पैसे आहेत. हात लावू नका.

पाचवा_सोमवार
वरच्याशी सहमत, पण वर्षखातं पहिल्या वर्षी उणे जातं हे कोणी सांगत नाही. मांजलपूरकर, विमा आणि एलआयसी कोणत्या महिन्यात येतात?

मांजलपूरकर
एलआयसी ऑगस्ट, आरोग्य विमा सप्टेंबर. फी जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल.

पाचवा_सोमवार
मग जुलैत सुरू करून मोजा. जुलै: १९,७०० आले, फी गेली, उरले ६,२००. ऑगस्ट: एलआयसी आणि जून-जुलैचं वीजबिल गेल्यावर ४,६०० उणे. सप्टेंबर: विमा आणि गणपती, जवळजवळ १९,००० उणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फी, नवरात्र, दिवाळी धरून खड्डा २२,००० पर्यंत जातो. पद्धत चुकीची नाही, सुरुवातीची शिल्लक नाही एवढंच. पण लोक नेमके इथे "जमत नाही" म्हणून सोडतात.
आता कार्ड. व्याज महिना ३.५ टक्के धरलं तर ३८,००० वर १,३३० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,५७० च्या घरात. मिनिमम ५ टक्के म्हणजे १,९०० भरलेत तर मुद्दल कमी होतं जेमतेम ३३०. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या भाजीवर आजपासून व्याज. म्हणून कार्ड वापरणं आधी थांबवा, मग फेडा.
मिनिमममध्ये एसआयपीचे ५,००० घालून दरमहा ६,९०० भरले तर सातव्या महिन्यात फिटतं, व्याज-करापोटी ६,००० जातात. पण तुमच्याकडे भिशी आहे. ६०,००० च्या भिशीवर ४,००० सोडून बोली लागली तर हातात ५६,०००. कार्ड एकरकमी मिटवा, उरलेले १८,००० वर्षखात्यात. खड्डा २२,००० चा, म्हणजे एसआयपी एकच महिना थांबवली की भरला. सोडलेल्या ४,००० चा बारावा हिस्सा परत तुमच्याकडेच येतो.

आजीची_चंची
बोली ८-१० हजारांवर चढली तर मात्र हात आखडता घ्या, तेव्हा वरचा सात महिन्यांचा रस्ता स्वस्त. आणि भिशीला बचत म्हणून कायमचं धरू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, भिशीत बारावी बाई शब्दाला जागली तरच पैसे. ही संपली की तेच ५,००० आवर्ती ठेवीत वळवा.
हिशेबाच्या भांडणाबद्दल. मागच्या आठवड्याच्या खर्चावर बोलायचंच नाही, हा नियम करा. रविवारी १५ मिनिटं, तीन आकडे: घरखर्चाच्या खात्यात आत्ता किती, पुढच्या सात दिवसांत ठरलेलं काय (वाढदिवस, डॉक्टर, गाडी), वर्षखात्यातून पुढचं काय जाणार. आकडे वाचणारा तीन-तीन महिन्यांनी बदला. एकच माणूस कायम वाचत राहिला की तो मामलेदार होतो आणि दुसरा गुन्हेगार.
दोघांना प्रत्येकी २,००० हातखर्च, त्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. आणि ३,००० च्या वरची कुठलीही वस्तू घेण्याआधी दुसऱ्याला सांगायचं. परवानगी नव्हे, नुसतं सांगायचं.
एक बारीक गोष्ट. खंडेराव मार्केटात क्यूआर स्कॅन केला की स्टेटमेंटमध्ये दुकानाचं नाव येत नाही, त्या माणसाचं किंवा त्याच्या भावाचं येतं. रविवारी ते २४० कुणाचे, कोणालाच आठवत नाही. पैसे देतानाच नोटच्या चौकटीत एक अक्षर टाका: भ भाजी, क किराणा, औ औषध. अॅप भरायची गरज नाही.

मांजलपूरकर
सासूबाई दूध-भाजी आणतात आणि रोख मागतात. ते कसं धरायचं?

जमाखर्च
सोमवारी त्यांच्या हातात ठरलेली रक्कम द्या, समजा १,२००, आणि तो आकडा तिथेच खर्ची टाका. आत किती दूध किती कोथिंबीर ते विचारू नका. कमी पडले तर बुधवारी त्या स्वतः सांगतील, मग आकडा १,३०० करा. त्यांना मोबाईल चालत असेल तर यूपीआय सर्कल आहे: खातं तुमचं, पैसे त्या देतात, मर्यादा तुम्ही घालता किंवा दर वेळी मंजुरी तुमच्या फोनवर येते. मंजुरीवाला प्रकार निवडू नका, तुम्ही मीटिंगमध्ये आणि त्या भाजीवाल्यासमोर उभ्या. मर्यादेचाच घ्या.
जाता जाता यूपीआय अॅपमधली ऑटोपेची यादीही उघडून बघा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती कोणी वाचत नाही. बंद झालेल्या ट्यूशन अॅपचं किंवा न बघितल्या जाणाऱ्या ओटीटीचं एखादं मँडेट (पैसे कापायची दिलेली परवानगी) तिथे निघतंच, तिथूनच रद्द होतं.