घरगुती वापर आणि अधूनमधून फोटो एडिटिंग: साठ हजारांच्या आसपास कोणता लॅपटॉप घ्यावा?

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानांत चौकशी केली, व्हिडिओ पाहिले, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो, म्हणून इथे विचारते आहे. सध्याचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-३ चा आहे. तो अजून चालतो, पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. त्यावरून बँकेचे व्यवहार करायला आता मन धजावत नाही.

रोजचा वापर अगदी साधा: ईमेल, मराठी टायपिंग, सोसायटीचे हिशोब एक्सेलमध्ये, परगावी असलेल्या मुलीशी व्हिडिओ कॉल. गेम कोणीही खेळत नाही.

खरा प्रश्न फोटोंचा आहे. मी साताऱ्याला राहते. पावसाळा सरत आला की कासच्या पठारावर जाते, फुलांचे फोटो काढते आणि त्यांतले निवडक घेऊन दिवाळीच्या सुमारास नातेवाइकांसाठी कॅलेंडर छापून घेते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एकेक फाइल २५-३० एमबीची. एडिटिंग डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे वर्षातले काही आठवडे भरपूर काम आणि एरवी जवळजवळ काही नाही.

अडचण अशी होते की तेरड्याचा जांभळट गुलाबी रंग माझ्या स्क्रीनवर धुतल्यासारखा फिका दिसतो. तो डोळ्यांना पटेपर्यंत वाढवला की छापून येताना पाकळी नुसता एक भडक डाग होऊन येते, तिच्यावरच्या बारीक शिरा गायब. सीतेची आसवं या फुलांची निळाईही अशीच जाते. नवीन लॅपटॉप घेताना मला हे आधी सुटायला हवं आहे.

बजेट साठ हजार, फार तर पासष्ट. दुकानदाराने तीन पर्याय दाखवले: वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप, आय-५ चा पातळ लॅपटॉप (८ जीबी रॅम), आणि रायझन प्रोसेसरचा, ओएलईडी (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशी) स्क्रीनवाला (१६ जीबी). त्याचा जोर पहिल्यावर आहे, "फोटोसाठी ग्राफिक्स कार्ड लागतंच" म्हणतो. हे खरं आहे का? आणि स्क्रीन चांगली आहे हे दुकानात उभं राहून ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, लागतंच असं नाही. डार्कटेबल ओपनसीएल नावाच्या सोयीच्या मार्गाने ग्राफिक्स कार्ड वापरतं हे खरं, आणि डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं) किंवा शेकडो फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना फरक चांगलाच जाणवतो. पण तुमचा वापर वर्षातून काही आठवडे. एक्स्पोर्ट लावून चहा घेऊन यायची तयारी असेल तर आजच्या प्रोसेसरमधले आतले ग्राफिक्स पुरतात. गेमिंग लॅपटॉपचं वजन, पंख्याचा आवाज आणि बॅटरी वर्षभर सोसावी लागेल ते वेगळंच. शिवाय या किमतीतल्या कित्येक गेमिंग मॉडेलांची स्क्रीन रंगांच्या बाबतीत अगदी सुमार असते. नेमकी तुमची अडचण तिथेच आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. आधी स्क्रीन, मग रॅम, मग प्रोसेसर, या क्रमाने बघा.

कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या पानावर स्क्रीनची ओळ शोधा. "४५ टक्के एनटीएससी" (स्क्रीन किती रंग दाखवते याचं एक माप) लिहिलं असेल तर सोडून द्या. ती स्क्रीन एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापाच्या साधारण दोन-तृतीयांशाहून कमीच रंग दाखवते, आणि आधी मार खातात ते तुमचे जांभळे-गुलाबीच. "१०० टक्के एसआरजीबी" आणि निदान ३०० निट्स (उजेडाचं माप) असं हवं. फक्त "फुल एचडी आयपीएस" (आयपीएस हा स्क्रीनचा एक प्रकार) लिहिलेलं असेल तर त्यावरून रंगांबद्दल काहीच कळत नाही. आयपीएस असूनही ४५ टक्केवाली स्क्रीन सर्रास मिळते.

दुकानात जाताना गेल्या वर्षीचं छापील कॅलेंडर आणि त्याच फोटोंच्या छापायला दिलेल्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जा. ब्राइटनेस मध्यम ठेवून पान स्क्रीनशेजारी धरा. तेरडा स्क्रीनवरही तसाच भडक आणि शिरांशिवाय दिसला, तर ती स्क्रीन खरं बोलते आहे. दुकानातल्या डेमो व्हिडिओवर विसंबू नका, ते कुठल्याही स्क्रीनवर छान दिसावेत म्हणूनच केलेले असतात.

प्रतिसाद ३

रॅमबद्दल. आता ८ जीबीचा घेऊ नका, मग प्रोसेसर कितीही चांगला असो. विंडोज ११, ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि डार्कटेबल एकत्र उघडलं की ८ जीबी संपतेच. "नंतर वाढवता येईल" असं दुकानदार म्हणाला तर तिथल्या तिथे टास्क मॅनेजर उघडायला लावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. स्लॉट्स यूज्डसमोर "१ ऑफ २" दिसलं तर जागा आहे. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असेल तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन जोडलेली) आहे, काढून बदलता येत नाही.

रायझनचा नंबरही नीट वाचा. ७००० मालिकेत पहिला ७ बघून नवा समजू नका, तिसरा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतला गाभा झेन २, २०१९ च्या काळातला आणि चारच कोअर. शिवाय त्याची रॅम सोल्डर केलेलीच येते. ७५३०यू हा झेन ३, सहा कोअरचा. नावात एका आकड्याचा फरक, पण कामात बराच.

प्रतिसाद ४

मॅकबुक एअर बघा. स्क्रीन उत्तम, पंखा नाही, डार्कटेबलही चालतं. फक्त जुना घेतलात तर ८ जीबीचा घेऊ नका, त्यात पुढे काहीच वाढवता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टास्क मॅनेजरची युक्ती माहीत नव्हती, उद्याच वापरते. मॅक सध्या बजेटबाहेर आहे आणि सोसायटीच्या एक्सेल फाइलींत मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) आहेत, त्यामुळे विंडोजच बरं. गेमिंगवाला आणि ८ जीबीवाला दोन्ही बाद केले.

ओएलईडीबद्दल मात्र कोणी बोललं नाही. रंग दुकानात फारच सुंदर दिसत होते, इतके की शंका आली. वापरणारं कोणी आहे का? आणि ५१२ जीबी एसएसडी पुरेल का?

प्रतिसाद ५

मी वापरतो. शंका रास्त आहे. ओएलईडी एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवते आणि घरी आल्यावर तिचा मोड बहुधा "व्हिव्हिड" असतो. त्यात सगळंच भडक दिसतं, मग माणूस रंग कमी करत बसतो आणि छापील पान मलूल येतं, म्हणजे तुमच्या आताच्या अडचणीच्या अगदी उलट. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबी मोड असतो का ते घेण्याआधी विचारा. असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर १०० टक्के एसआरजीबीची आयपीएस जास्त सोयीची. आणखी एक, कमी ब्राइटनेसला बऱ्याच ओएलईडी स्क्रीन सूक्ष्म लुकलुकतात. काहींचं डोकं दुखतं, काहींना काहीच होत नाही. ब्राइटनेस उतरवून पंधरा मिनिटं मजकूर वाचून बघा.

छपाईचंही सांगतो. फोटो छापील पानापेक्षा स्क्रीनवर उजळ दिसतात कारण ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला असतो. एडिट करताना तो बराच खाली आणा. छापखान्याकडून त्यांची आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि डार्कटेबलमध्ये सॉफ्टप्रूफ (छापून कसं येईल याची स्क्रीनवरची झलक) चालू करा. चार शाईंच्या छपाईत काही जांभळे-निळे रंग येतच नाहीत. कुठले ते छापण्याआधीच कळेल आणि शिरा वाचवता येतील.

५१२ जीबी पुरेल. हजार रॉ फोटो म्हणजे ३० जीबीपर्यंत. हंगाम संपला की बाहेरच्या डिस्कवर टाका, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

प्रतिसाद २

एक राहिलं. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन येतात. दुकानात बघितलेला आणि खोक्यातून निघालेला सारखाच असेल असं नाही. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या साइटवर टाकून स्क्रीनची ओळ पुन्हा वाचा, तोच नंबर बिलावर लिहून घ्या आणि मगच पैसे द्या.