बातमीला पैसे का द्यायचे?

तालुका_वार्ताहर: काल इथे एका मुलाने लिहिलं, 'बातमी सगळीकडे फुकट मिळते, पैसे कोण देतं?' ते काही डोक्यातून जाईना. मी अठरा वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो. पगार नव्हता. वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन. ज्या सरपंचाची अर्धं पान जाहिरात आणली, त्याच्या पाणी योजनेतले पाइप कुठे गेले हे मी लिहिलं नाही. वाचक देत नाही तेव्हा सरपंच देतो. २०१२ मध्ये सुरू झालेली न्यूजलाँड्री ही बातम्यांची साइट वाचकांच्या वर्गणीवर उभी आहे, म्हणून न्यूज मिनिट आणि स्क्रोल या साइट्सच्या जोडीने निवडणूक रोख्यांचा, म्हणजे पक्षांना नाव न उघड करता दिलेल्या देणग्यांचा, हिशेब खणून काढू शकली. तुम्ही ओटीटीला देता, मग बातमीला का नाही?

अभ्यासिका_टेबल४: काका, ओटीटी मी घेत नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतोय. महिनाअखेरीला मेसवाल्यालाच थांब म्हणावं लागतं. टेलिग्रामवर सकाळी पेपरची पीडीएफ येते, ती वाचतो. अग्रलेखाच्या नोट्सही काढतो.

उपसंपादक_माजी: ती पीडीएफ चोरी आहे. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली, तेव्हा ही सवय लागली. पुढच्या दोन महिन्यांत आमच्या डेस्कवरून चार जण घरी गेले. त्यातला एक मी.

अभ्यासिका_टेबल४: चोर म्हणू नका. तुम्हाला मालकाने काढलं, मी नाही. आमच्या गावात एकच पेपर सलूनमध्ये यायचा आणि दुपारपर्यंत अख्खी आळी वाचायची. तेव्हा कोणी चोर नव्हतं.

उपसंपादक_माजी: तो पेपर सलूनवाला विकत घ्यायचा! तुमच्या चॅनलवर हजारो लोक आहेत, त्यात विकत घेणारा एक तरी दाखवा.

अभ्यासिका_टेबल४: घरून पैसे मागवताना आवाज कसा खाली जातो, ते आधी अनुभवा. मग बोला.

नाशिकची_मी: भांडण पीडीएफवरच अडकलंय. मी पैसे दिले होते. पहिला महिना स्वस्तात, मग न विचारता वर्षाचे कापले, आणि बंद करायचं बटण सापडेना. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं, म्हणून पुढच्या वेळी सुटले. एवढं देऊन वाचायला काय, तर प्रेसनोट जशीच्या तशी. 'पारी' ही ग्रामीण भारतावरची साइट २०१४ पासून मोफत आहे, मराठीतही. त्यांना मी न मागता देणगी दिली.

ओस्लोहून: इथे लोक देतात. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात ऑनलाइन बातमीला पैसे देणारे नॉर्वेत ४० टक्के, वीस श्रीमंत देशांची सरासरी १७. पण इथे सरकारही वृत्तपत्रांना अनुदान देतं, हे सांगायला हवं.

तालुका_वार्ताहर: न विचारता पैसे कापणं चूकच, नाशिकच्या ताईंचं मान्य. पीडीएफचं मात्र अजिबात पटलेलं नाही.

अभ्यासिका_टेबल४: ठीक आहे, फुकट वाचतो हे मान्य. पण काका, आमच्याही गावाला टँकर येतो. ती पाइपची बातमी तुम्ही लिहिली असती, तर मेसचं एक जेवण सोडून दिले असते पैसे.

तालुका_वार्ताहर: त्या पाइपांच्या कामाची नोंद असलेल्या मोजमाप पुस्तिकेच्या झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहेत.