दक्षिण आफ्रिकेत परदेशी लोकांवर परत परत हल्ले का होतात? सरकारं नेमकं करतात काय?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ दीड वर्षापासून जोहान्सबर्गला आहे, इथल्या कंपनीनेच पाठवलंय. काल फोनवर सांगत होता की त्याच्या बिल्डिंगजवळचा दुकानवाला, इथिओपियाचा आहे, गेले आठ दिवस शटर अर्धंच वर करतो आणि आतूनच ब्रेड-दूध देतो, कारण मोर्चा येणार असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. आई तेव्हापासून त्याच्या मागे लागलीये, परत ये म्हणून. मी वाचायला बसलो तर २००८, २०१५, २०१९, दर काही वर्षांनी तेच. प्रत्येक वेळी नेते निषेध करतात मग हे थांबत का नाही? गरिबी म्हणाल तर ती सगळीकडेच आहे ना. कोणी तिथे राहिलंय का? प्लीज शिवीगाळ नको, हे मी आईला वाचून दाखवणार आहे.

वाशी_सेक्टर१७
मी २००८ ला तिथेच होतो, जोहान्सबर्गच्या सँडटन या श्रीमंत भागात, बँकेच्या प्रोजेक्टवर. आमच्या काचेच्या बिल्डिंगमधून हायवेपलीकडे अलेक्झांड्रा ही गरीब वस्ती दिसायची, पत्र्याची घरं एकाला एक चिकटलेली. ११ मे ला तिथूनच सुरू झालं आणि मग देशभर पसरलं. ६२ माणसं मेली, आणि त्यातले २१ तर दक्षिण आफ्रिकेचेच होते हे लोकांना माहीत नसतं. रस्त्यात अडवून कोपराला झुलू या तिथल्या भाषेत काय म्हणतात ते विचारायचे, इन्डोलोल्वाने हा शब्द नाही आला की झोडपायचे. आता ज्याची मातृभाषा झुलू नाही असा त्यांच्याच देशातला माणूस पण त्यात अडकणारच ना.

आमच्या ऑफिसात साफसफाईला झिंबाब्वेची एक बाई होती. ती पोलीस स्टेशनच्या आवारात जाऊन राहिली. तिकडे मे म्हणजे थंडी सुरू होते, आम्ही दोघं-तिघं ब्लँकेट द्यायला गेलो तर तिच्याजवळ एकच पिशवी, त्यात इस्त्री आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मुलांची शाळेची सर्टिफिकेटं. बाकी सगळं गेलं. ती इस्त्री मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

सरकारने शेवटी आर्मी उतरवली. पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी जुलैमध्ये काय म्हणाले, तर आमचे लोक परकीयद्वेष्टे नाहीत, हे गुन्हेगारांचं काम आहे. मला वाटतं गाडी तिथेच चुकली. आजारच नाही म्हटल्यावर औषध कशाला देणार?

घोडबंदरवाली
मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ऐरोलीकर, तुमचा गरिबीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ नंतर वस्त्यांमध्ये जाऊन हेच विचारलं की शेजारच्या तितक्याच गरीब वस्तीत काही झालं नाही मग इथेच का? उत्तर असं निघालं की जिथे पेटलं तिथे बऱ्याच ठिकाणी स्थानिक पुढाऱ्यांनी आधी मीटिंगा घेतल्या होत्या, लोक गोळा केले होते, कारण वस्तीवर आपली पकड बसवायची होती, आणि काहींना समोरचं दुकान बंद पाडायचं होतं. बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर, सरकारी घरांच्या यादीत वर्षानुवर्षं नाव, हे सरपण खरंच आहे. पण काडी कोणीतरी लावतं, आणि त्या काडीवाल्याला शिक्षा जवळजवळ कधी होतच नाही.

२०१५ बघा. झुलू राजे झ्वेलिथिनी परदेशी लोकांनी बॅगा भरून जावं अशा अर्थाचं बोलले (नंतर म्हणाले विपर्यास केला), डर्बनमध्ये हल्ले झाले, आणि सरकारने ऑपरेशन फिएला काढलं. फिएला म्हणजे झाडून काढणे. पकडले कोण गेले तर मोठ्या संख्येने कागदपत्रं नसलेले परदेशीच! म्हणजे ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याच दारात पोलीस. हल्लेखोराला कळतं की आपण दगड मारला की सरकार उरलेलं काम करतं.

जर्मनीत पण हेच झालंय. १९९२ ला रोस्टॉकमध्ये व्हिएतनामी कामगार राहत होते त्या बिल्डिंगला आग लावली, खाली लोक टाळ्या वाजवत होते. त्यावर राजकीय उत्तर काय, तर परदेशातून पळून आलेल्यांना घटनेने दिलेला आश्रयाचा हक्क आवळला. २६ मे १९९३ ला संसदेत मतदान झालं आणि तिसऱ्या दिवशी झोलिंगेनमध्ये तुर्की कुटुंबाचं घर जाळलं, पाच बायका-मुली गेल्या. मागणी मान्य करून आग शांत होत नाही हो.

कळवा_नाका
ताई सगळं पटलं पण स्थानिकांचं दुखणं खोटं आहे का? माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपनीत परमनंट होते, कंपनी बंद पडली, आज त्याच गेटवर काँट्रॅक्टची पोरं उभी असतात, कुठून कुठून आलेली, मिळेल त्या पगारात. ऑक्टोबर २००८ ला रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबईत मारलं तेव्हा मी कॉलेजला होतो. मारलं ते चूकच, ती पोरं परदेशी नव्हती, आपल्याच देशातली होती, हातात हॉल तिकीट घेऊन आलेली. पण जाहिराती मराठी पेपरात येत नाहीत, परीक्षेचा पेपर मराठीत नाही, ही तक्रार खरी होती की नाही? पुढे २०१० च्या रेल्वे बजेटमध्ये स्थानिक भाषेत परीक्षा जाहीर झाली. हे आधीच केलं असतं तर कोणाच्या हातात मुद्दा राहिला असता का?

घोडबंदरवाली
नाही, खोटं अजिबात नाही, उलट तेच तर म्हणतेय. तक्रार खरी असते, बोट चुकीच्या माणसाकडे असतं. २०२४ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोच्या नालेडी भागात सहा मुलं दगावली, छोट्या दुकानातला खाऊ खाऊन. लोक भडकले, परदेशी दुकानदारांना हाकला. तपासात निघालं टर्बुफॉस नावाचं शेतीचं कीटकनाशक. ते वस्तीत कसं आलं, तर उंदीर मारायला लोक रस्त्यावरून विकत घेतात, आणि उंदीर का, कारण पालिका कचरा उचलत नाही. राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी टीव्हीवर कचऱ्याचं बोलून दाखवलं, असला माल स्थानिकांच्या दुकानातही असू शकतो हेही सांगितलं, आणि सगळ्याच दुकानांना २१ दिवसांत नोंदणी करायला लावली. मला हे बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर वाटलं. पण निवडणुकीत उंदरावर मतं मिळत नाहीत, परदेश्यावर मिळतात. २०२२ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेले जेमतेम ४ टक्के आहेत, तरी ‘ऑपरेशन डुडुला’ या परदेशी लोकांविरोधी संघटनेवाले दवाखान्याच्या दारात उभे राहून लोकांचे कागद तपासत होते, गरोदर बायकांना परत पाठवत होते. ते शेवटी २०२५ ला कोर्टाला थांबवावं लागलं.

वाशी_सेक्टर१७
ऐरोलीकर, भावाला सांगा वस्तीत मीटिंग झाली का, कोणी घेतली, ते दुकानवाल्याला विचार. त्यांना सगळ्यात आधी कळतं. आणि पासपोर्टची कॉपी ऑफिसात ठेवायला सांगा.

ऐरोलीकर
सगळ्यांना मनापासून थँक्यू. भावाशी बोललो. मीटिंग रविवारी झाली म्हणतो, पण त्यांच्या गल्लीतली माणसं गेलीच नाहीत. ज्या म्हातारीच्या जागेत ते दुकान आहे ती सोमवारपासून बाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते, अंगावर शाल घेऊन, सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. घरखर्च भाड्यावर चालतो तिचा, आणि नातवंडांना महिनाअखेरीस ब्रेड उधारीवर तोच देतो. आईला हे सांगितलं तर तिने त्या बाईचं नाव विचारलं. आज संध्याकाळी परत फोन करणार आहे, तेव्हा विचारतो.