मदत हवी आहे: डॉटलॉटी फाईल साईटवर दिसतच नाही

मोरपीस: येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाची साईट करतोय. पहिल्या पानावर मोर पिसारा फुलवतो. त्याची लॉटी (ॲनिमेशन जेसन या मजकुराच्या स्वरूपात साठवणारी फाईल) फार मोठी झाली म्हणून डॉटलॉटी (लॉटीचं दाबलेलं रूप) केली, तर नुसती पांढरी चौकट दिसतेय. सोमवारी दाखवायचंय. लवकर सांगा.

कीफ्रेम: मोठी म्हणजे किती? साईटवर ती चालवणारा प्लेअर कुठला?

चहाबाज: जिफ करून टाका, सगळीकडे चालते.

कीफ्रेम: मोराला जिफ? एका फ्रेमला २५६ रंग. निळ्या-हिरव्या छटांचे पट्टे पडतील. शिवाय पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण भरीव, म्हणजे पिसांच्या कडा दातेरी दिसणार. त्यापेक्षा ॲनिमेटेड वेबपी (वेबसाठीचं चित्रांचं फॉरमॅट) बरं.

मोरपीस: जेसन २.४ एमबी होती. प्लेअर नेहमीचाच, लॉटी-वेब.

सर्व्हरकाका: मग तिथेच घोडं अडलंय. डॉटलॉटी म्हणजे झिप. नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतील, ती झिपची खूण. लॉटी-वेबला उघडी जेसन लागते. डॉटलॉटीचा प्लेअर वेगळा घ्या. नाहीतर जेसनच ठेवा आणि सर्व्हरवर जीझिप (फाईल दाबून पाठवायची सोय) सुरू करा. दोन्हीकडे दाबायची पद्धत एकच, डिफ्लेट, साईजमध्ये फारसा फरक पडत नाही.

जुना_फ्लॅशवाला: आमच्या वेळी एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची ॲनिमेशन फाईल, आतूनच कॉम्प्रेस व्हायची, काही जोडावं लागत नसे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

चहाबाज: व्हॉट्सॲपच्या हलत्या स्टिकरला ५१२ बाय ५१२ वेबपी लागतं, ५०० केबीच्या आत.

मोरपीस: स्टिकर नकोय हो!

कीफ्रेम: पण २.४ एमबी झालीच कशी? नुसत्या रेषांची लॉटी एवढी होत नाही. आत पीएनजी चित्र आहे का?

मोरपीस: हो, पिसाच्या डोळ्याचं टेक्स्चर. २००० पिक्सेलचं.

कीफ्रेम: हे आधी सांगायचं ना! चित्र बेस६४ होऊन, म्हणजे अक्षरांत बदलून, जेसनमध्ये गेलं की एक तृतीयांशाने फुगतं. पीएनजी आधीच दाबलेली असते, झिप केल्यावर ती फुगवटीच तेवढी उतरते. पडद्यावर डोळा दिसतो केवढा?

मोरपीस: साधारण ६० पिक्सेल.

कीफ्रेम: मग १२० चं करा. रेटिनालाही, म्हणजे दाट पिक्सेलच्या पडद्यालाही, पुरेल.

मोरपीस: केलं. जेसन ३१० केबी, जीझिपने ७० च्या आत. मोर नाचतोय! सर्व्हरकाका, जीझिप सुरू झालंय हे मला ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसलं. पण माझ्या जुन्या आयफोनवर पिसारा उघडताना अडखळतोय, त्याचं काय?

सर्व्हरकाका: आता साईजचा प्रश्न संपला, हा रेंडररचा, म्हणजे प्लेअर पडद्यावर चित्र कसं काढतो त्याचा. एसव्हीजी लावलंय की कॅनव्हास?