पांढऱ्या केसांचे आजोबा आणि विज्ञानाचे प्रश्न: हा कार्यक्रम कुठला?

निपाणीची लेक:
नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या लोकांना मुद्दाम विचारते, कारण अँटेनाचा प्रकार तुम्हालाच कळेल. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. अँटेना कोल्हापूरकडे फिरवली की मराठी लागायचं, बेळगावकडे फिरवली की कन्नड. गच्चीवर जाऊन बांबू फिरवायचं काम माझं आणि खालून "आलं, आलं, गेलं" ओरडायचं काम भावाचं.

मला हवाय तो कार्यक्रम विज्ञानाचा. मानेपर्यंत पांढरे केस असलेले एक आजोबा आणि त्यांच्यासमोर भारदस्त आवाजाचे एक गृहस्थ. लोकांनी पाठवलेले प्रश्न विचारले जायचे आणि आजोबा उत्तरं द्यायचे. बोलता बोलता हवेत हातांनी काहीतरी आकार काढायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. त्या दुसऱ्या गृहस्थांना आई "स्वामीचे वडील" म्हणायची, का ते माहीत नाही. बाबा तंबाखूच्या वखारीतून यायचे ते हातपाय न धुता दारातच उभे राहून बघायचे. घरभर तंबाखूचा खाट उठायचा, पण कार्यक्रम संपेपर्यंत आई त्यांना काही बोलायची नाही.

त्यातच एक बाई भिंगातून ऊन पाडून कागद जाळतात, असंही आठवतं. मला सगळं मराठीत आठवतंय, भाऊ म्हणतो हिंदी होतं.

आता मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. मुलांचे प्रश्न एका वहीत उतरवून ठेवते. परवा सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नुसता पळतो कशाला? लगेच आटत का नाही?" तेव्हापासून ते आजोबा डोक्यातून जात नाहीत. प्रश्नाला असा मान देणारा माणूस माझ्या मुलांनी बघायला हवा.

धारवाडवाला:
अहो ताई, "स्वामीचे वडील" म्हटल्यावर दुसरं कोण असणार? गिरीश कर्नाड की ओ! 'मालगुडी डेज' मालिकेत स्वामीचे वडील तेच. आमच्या कर्नाटक कॉलेजातच शिकलेले. कार्यक्रमाचं नाव 'टर्निंग पॉइंट', आणि तुमचे आजोबा म्हणजे शास्त्रज्ञ प्रोफेसर यशपाल. दिल्लीचा कार्यक्रम, मराठी नव्हता. भाऊ बरोबर सांगतोय.

अथणीकर:
यशपालच. माझं आजोळ विजापूर जिल्ह्यात, म्हणून या माणसाबद्दल जास्त जिव्हाळा. 1975-76 साली 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. कर्नाटकातले जिल्हे तीन: विजापूर, गुलबर्गा, रायचूर. अहमदाबादच्या ज्या अवकाश उपयोग केंद्राने हे काम केलं, त्याचे संचालक तेव्हा यशपाल होते. म्हणजे आधी गावात टीव्ही आणला आणि पुढं स्वतःच त्यात बसून पोरांच्या शंकांना उत्तरं दिली! 24 ऑक्टोबर 1995 चं सूर्यग्रहण दूरदर्शनवर त्यांनीच समजावून सांगितलं होतं. ते बघितलं असेल तर चेहरा नक्की आठवेल.

टिळकवाडी:
भिंगवाल्या बाई मात्र त्या कार्यक्रमातल्या वाटत नाहीत. तुमच्या अँटेनातच याचं उत्तर आहे. इन्सॅट उपग्रहावरून शाळांसाठी कार्यक्रम करायला सहा राज्यांत संस्था काढल्या: आंध्र, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओडिशा, उत्तर प्रदेश. कर्नाटक त्यात नव्हतं. महाराष्ट्राची संस्था पुण्याची बालचित्रवाणी, 1984 ची. त्यामुळे मराठीतून प्रयोग करून दाखवणाऱ्या बाई दिसल्या असतील तर त्या कोल्हापूरकडे तोंड असतानाच. 'टर्निंग पॉइंट' राष्ट्रीय कार्यक्रम, तो दोन्ही बाजूंनी दिसायचा. भिंगाचं सकाळी आणि आजोबांचं रात्री, असं काही आठवतंय का? बालचित्रवाणी 2017 मध्ये बंद केली, याचं मला फार वाईट वाटतं. सीमाभागातल्या मराठी शाळांना तिचा केवढा आधार झाला असता.

निपाणीची लेक:
हो! भिंग सकाळचंच. शाळेत निघताना, वेणी घालून घेत बघितलेलं. आणि बाबा वखारीतून यायचे ते दिवेलागणीनंतर. धारवाडवाले दादा, आईला आत्ताच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" मराठीचाही उलगडा झाला. बाबा दारातून आम्हाला समजावून सांगायचे, तेच आजोबांचे शब्द म्हणून माझ्या डोक्यात बसले असणार. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तरी त्यांना ते कळत होतं, हे मला आता फार मोठं वाटतं.

अथणीकर:
यशपालांची प्रश्नोत्तरं नॅशनल बुक ट्रस्टने पुस्तकरूपात काढली आहेत, शाळेसाठी मागवा. आणि त्या पोरीला सांगा: तवा नुसता गरम असेल तर थेंब चर्र करून लगेच आटतो. पण खूपच तापलेला असेल तर थेंबाच्या खालच्या बाजूची आधी वाफ होते, आणि थेंब त्या वाफेच्या थरावर तरंगतो. वाफेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून तो टिकतो आणि पळत राहतो. याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. 1756 मध्ये लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने तापलेल्या लोखंडी पळीत थेंब टाकून यावर लिहिलं होतं.

निपाणीची लेक:
लोखंडी पळी! मग आमच्या बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, खोलीतही जमेल. गॅस आहेच, तवा घरून नेते. सोमवारी आधी नुसत्या गरम तव्यावर थेंब टाकायला लावते, मग चांगला तापवून. का पळतो ते आधी मुलांनाच सांगू दे, मी शेवटी बोलेन. कुणाकडे 'टर्निंग पॉइंट'चा एखादा भाग जुन्या कॅसेटवर घेतलेला असेल तर जरूर कळवा. बेळगाव, खानापूर, कुठंही येऊन घेऊन जाईन.